काचेच्या पेटीत समुद्र सांभाळणारी झान

मैत्रिणींनो, घरात मासे पाळायची हौस आता फक्त पुण्या-मुंबईच्या बंगल्यांपुरती राहिलेली नाही. आमच्या कुरकुंभला एमआयडीसी आली, पगारदार माणसं आली, तसे दिवाणखान्यात फिश टँकही आले. आधी गोड्या पाण्यातले गोल्डफिश होते. मग निमोचा सिनेमा आला आणि मुलांना ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे हवेसे झाले. ते मासे मात्र खाऱ्या पाण्यातले. आमच्यापासून समुद्र दोनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे मासे आणायचे तर समुद्रही घरातच तयार करायचा! तो काही पैसे टाकून एका दिवसात तयार होत नाही. मासे मरतात, काच हिरवी पडते आणि हौस महिनाभरात माळ्यावर जाते.

हे असं का होतं ते वाचता वाचता मला एक बाई भेटली. पुस्तकातच भेटली, कारण तिला जाऊन दीडशे वर्षं उलटली आहेत. समुद्रातले जीव काचेच्या पेटीत जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याचा मार्ग जिने दाखवला, ती बाई शाळा-कॉलेजात शिकलेली शास्त्रज्ञ नव्हती. ती शिवणकाम करून पोट भरणारी होती. तिचं नाव झान व्हिलप्रू-पॉवर. मत्स्यालयाची जननी म्हणून जगभर तिचं नाव घेतात. आज तिचीच गोष्ट सांगते.

झानचा जन्म सप्टेंबर १७९४ चा. फ्रान्समधलं झुयाक नावाचं एक लहानसं खेडं. वडील चांभारकाम करायचे, आई शिवणकाम. लिहिण्या-वाचण्यापुरतं शिक्षण झालं, तेवढंच. अठरा वर्षांची झाली तेव्हा पॅरिसला जाऊन शिवणकामात नशीब काढायचं तिने ठरवलं. झुयाक ते पॅरिस अंतर चारशे किलोमीटरहून जास्त. म्हणजे आपण कुरकुंभहून निघून थेट नागपूरच्या वाटेला लागावं, तसं. तेही पायी.

सोबतीला पालक म्हणून चुलतभाऊ दिलेला होता. वाटेत त्यानेच तिच्यावर हात टाकला आणि तिची ओळखीची कागदपत्रं घेऊन तो पळून गेला. परक्या मुलखात एकटी तरुण मुलगी, जवळ कागद नाही. ती ऑर्लेआँ गावच्या पोलिसांकडे गेली. नवे कागद हातात येईपर्यंत तिथेच थांबली आणि मग पुढे पॅरिसला पोहोचली. तोवर ठरलेली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळून गेली होती. मागे फिरली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. पण ती मागे फिरली नाही. दुसऱ्या एका शिवणवालीकडे मदतनीस म्हणून उभी राहिली.

चारच वर्षांत, १८१६ साली, राजघराण्यातलं एक मोठं लग्न ठरलं. सिसिलीची राजकन्या कॅरोलाइन फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून येणार होती. तिचा लग्नाचा पोशाख झानच्या हातून तयार झाला आणि खेड्यातली ही मुलगी एकदम नावारूपाला आली. त्याच सुमाराला जेम्स पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ मध्ये सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात दोघांचं लग्न झालं आणि ती तिथेच राहिली, जवळजवळ पंचवीस वर्षं.

आता पाहा हं, घर सुखवस्तू, नवरा समंजस, शिवणकामाची गरज उरली नाही. अशा वेळी दिवस घालवायला काय कमी असतं? पण झानने पुस्तकं मागवली आणि निसर्गाचा अभ्यास स्वतःच सुरू केला. सगळं बेट तिने पायाखाली घातलं. झाडं, फुलपाखरं, दगड, शंख-शिंपले, जीवाश्म, जे दिसेल ते गोळा करायचं, त्याची नोंद करायची, चित्र काढायचं. पुढे १८४२ मध्ये याच भटकंतीतून तिने सिसिलीची माहिती देणारं पुस्तकही काढलं. पण तिचं मन खरं अडकलं ते मेसिनाच्या समुद्रातल्या एका जिवात. त्याचं नाव आर्गोनॉट.

हा आर्गोनॉट म्हणजे ऑक्टोपसच्याच घराण्यातला आठ हातांचा प्राणी. फरक एवढाच, की मादीजवळ कागदासारखं पातळ, पांढरंशुभ्र, नक्षीदार कवच असतं. त्यात ती बसते आणि त्यातच अंडी सांभाळते. गोगलगायीचं अंग शंखाला चिकटलेलं असतं, तसं हिचं कवचाला चिकटलेलं नसतं. त्यामुळे मोठमोठ्या विद्वानांनी एक तर्क लढवला होता. कवच हिचं नाहीच, दुसऱ्या कुठल्यातरी प्राण्याचं बळकावून ही त्यात राहते, जसा एखादा खेकडा रिकाम्या शंखात घर करतो. थोडक्यात, ही चोर! वाद वर्षानुवर्षं चालला होता. पण हे म्हणणाऱ्यांनी बहुतेक करून मेलेले, दारूच्या बाटलीत ठेवलेले नमुनेच पाहिले होते.

झानचा विचार साधा होता. जिवंतपणी ही काय करते ते बघितल्याशिवाय चोर ठरवायचं कसं? आणि बघायचं तर समुद्रातला जीव डोळ्यांसमोर, जिवंत, दिवसेंदिवस राहायला हवा. म्हणून १८३२ च्या सुमाराला तिने स्वतःच्या डोक्याने पेट्या बनवून घेतल्या. एक काचेची, घरात ठेवायची. दुसरीही काचेचीच, पण पिंजऱ्यात बसवलेली, उथळ पाण्यात खाली-वर करता येणारी. तिसरा मोठा पिंजरा, समुद्रात नांगर टाकून ठेवायचा. या पिंजऱ्यांना पुढे तिचंच नाव पडलं.

मग सुरू झालं बघणं. तिने आर्गोनॉटच्या कवचाचा तुकडा अलगद काढला. मादीने पुढच्या दोन रुंद, पडद्यासारख्या हातांनी ती जागा नव्याने भरून काढली. ते हात म्हणजे शिडं आहेत, ती वाऱ्यावर होडीसारखी फिरते, असं लोक जुन्या काळापासून मानत होते. ते हात निघाले कवच विणणारे! तिने अंडी फुटतानाही पाहिलं. पिल्लं बाहेर येतात तेव्हा उघडीच असतात, कवच ती नंतर स्वतः तयार करतात. म्हणजे आर्गोनॉटची मादी चोर नव्हतीच. आपलं घर ती स्वतः बांधत होती आणि मोडलं तर स्वतःच डागडुजी करत होती. शिवणकाम केलेल्या बाईलाच हे दिसावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

कतानिया शहरातल्या जोएनिया अकादमीने तिला सभासद करून घेतलं. असा मान मिळालेली ती तिथली पहिली बाई. १८३४ मध्ये कार्मेलो माराविन्या या प्राध्यापकांनी लिहून ठेवलं, की या पेट्यांच्या शोधाचं श्रेय झानचंच आहे. १८३९ मध्ये तिच्या प्रयोगांचं पुस्तक निघालं आणि त्याच साली लंडनचे नामवंत शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचं काम तिथल्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडलं. एका ऑक्टोपसने शिंपल्याचं तोंड उघडायची वाट बघून, आत दगड सारून, ते मिटू न देता मांस कसं खाल्लं, हीसुद्धा तिची नोंद आहे. नदीतले मासे कमी झाले तर पिंजऱ्यात पिल्लं वाढवून पुन्हा नदीत सोडावीत, हा विचारही तिने मांडला होता. आज आपल्याकडे उजनीच्या पाण्यात पिंजरे लावून मासे वाढवतात, ते बघताना हे आठवतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. झानला समुद्र दाराशी होता. पाणी शिळं झालं की ताजं आणायचं, पिंजऱ्यात तर लाटाच पाणी बदलायच्या. म्हणून तिचे जीव जगले. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचं काय? हा प्रश्न पुढे दुसऱ्या एका गृहिणीने सोडवला. लंडनच्या ॲना थिन यांनी. त्या धर्मगुरूंच्या पत्नी, भरल्या घरच्या लेकुरवाळ्या. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे जिवंत तुकडे दगडी बरणीत घालून लंडनला आणले. वाटेत हिंदकळू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने ते स्पंजाला टाचले. घरी आल्यावर रोज कुठून आणणार समुद्राचं पाणी? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायचं, परत ओतायचं. हे कष्टाचं काम घरातली मोलकरीण करायची. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण हवा पाण्यात मिसळली ती तिच्या हातांनी. पुढच्या वर्षी ॲना यांनी पाण्यात समुद्रातल्या वनस्पती टाकल्या. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगलं. आज टाकीतला पंप बुडबुडे सोडतो ना, तो त्या मोलकरणीचंच काम करतो.

म्हणजे गुपित माशांत नाही, पाण्यात आहे. हे आपल्याकडे अजून पोहोचलेलं नाही, म्हणून एक हकिगत सांगते.

आमच्या बचत गटातल्या एका मुलीचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नवऱ्याने बोनसमधून तीन फुटी टाकी आणली, खारं पाणी तयार केलं आणि दुसऱ्याच दिवशी सात मासे सोडले. आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात चार मेले. काचेवर आधी तपकिरी थर आला, मग हिरवा. घाबरून त्याने सगळं पाणी ओतून दिलं, वाळू-दगड ब्लीचिंग पावडरने धुतले, नवं पाणी भरलं. उरलेले तीनही गेले. शेजारच्या बायका म्हणाल्या, मासे मेले म्हणजे घरावरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं. सासूबाईंनी त्याच्यापुढची पायरी गाठली. नवी सून आली आणि घरातले जीव मरायला लागले, तिचा पायगुणच वाईट. मुलगी गटाच्या बैठकीला आली ती डोळे सुजवून.

मी कला शाखेची, विज्ञान दहावीनंतर सुटलेलं. म्हणून दौंडच्या एका निवृत्त प्राणिशास्त्राच्या सरांना घेऊन त्यांच्या घरी गेले. सरांनी सासूबाईंनाच पुढे बसवून समजावलं. तेच मी आपल्या भाषेत सांगते.

दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, तसं नव्या टाकीचंही आहे. मासे खातात, घाण करतात, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण माशाला ते विष असतं. समुद्रात आणि जुन्या टाकीत काही उपकारी जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. नव्या टाकीत दुसऱ्या दिवशी सात मासे सोडले, तेव्हा विष खाणारं कुणी तिथे नव्हतंच. आणि जे थोडे जिवाणू आले असतील, ते ब्लीचिंग पावडरने धुऊन निघाले. विरजणच फेकून दिलं म्हणा ना!

आता शेवाळ. शेवाळाला उजेड लागतो आणि खत लागतं. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्याचं खत. नव्या टाकीत आधी तपकिरी थर येतो, तो पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतो आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. हिरवं शेवाळ मागून येतं. टाकी खिडकीत, दिवा रात्री बारापर्यंत चालू, मुलं येता-जाता मूठमूठ खाणं टाकतात, पाणी बोअरचं, मग शेवाळ येणार नाही तर काय? शेवाळ दिसलं म्हणून औषध ओतू नये. मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं, हवा कमी करतं आणि मासे आणखी मरतात. शेवाळ आलं हा काही शाप नाही. पाण्यात खत जास्त झालंय, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचं काय? सरांनी सांगितलेलं थोडक्यात देते. टाकी भरल्यावर पंप, फिल्टर चालू ठेवून, मासे न सोडता वाट बघायची. जुन्या, निरोगी टाकीतला दगड किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर तेच आपलं विरजण. जिवाणूंनाही खाद्य लागतं, म्हणून माशाचं चिमूटभर खाणं अधूनमधून टाकायचं. पाणी तपासायचा छोटा संच मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिला मासा, तोही एकच किंवा दोन. पुढचा काही आठवड्यांनी. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दिवा रोज सहा ते आठ तास, ऊन अजिबात नको. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं, सगळं एकदम कधीच नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्याच पाण्यात खळबळायचा. साबण लागलेला हात पाण्यात घालायचा नाही. मेलेला मासा दिसताक्षणी काढायचा.

मिठाचंही तसंच. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्री टाकीसाठीचं तयार मिश्रण लागतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आणि आमटी आटली की खारट होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टाकीतलं पाणी आटतं तेव्हा मीठ आतच राहतं. त्यामुळे आटलेली भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. त्या घरात बरोबर उलटं चाललं होतं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीला. पाणी जितकं गरम आणि खारं, तितकी त्यात हवा कमी. त्यात वीज गेली की पंप बंद. अशा वेळी टाकीवर ओला कपडा आणि पंखा, आणि पंप बंद असेल तर ॲना यांच्या मोलकरणीसारखं तांब्याने पाणी काढून वरून धार धरायची.

सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या. दह्याचा दाखला त्यांना पटला. त्यांनी सुनेची माफी वगैरे काही मागितली नाही, पण पायगुणाचा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही, असं ती मुलगीच मला सांगते. मला तेवढं पुरे आहे. घरात काही बिघडलं की पहिलं बोट बाईकडे जातं. दूध नासलं, म्हैस आटली, मासे मेले, काहीही असो. ते बोट खाली आणायचं असेल तर बिघडलं का, हे शोधून काढावं लागतं. आर्गोनॉटच्या मादीवरचा चोरीचा आळ झानने असाच उतरवला होता. भांडून नाही, बघून.

झानच्या वाट्याला पुढे मोठं दुःख आलं. सिसिली सोडून निघताना तिच्या संग्रहाच्या पेट्या, नोंदी, चित्रं ज्या जहाजावर होती ते बुडालं. इतक्या वर्षांची मेहनत, ज्या समुद्रातून गोळा केली त्या समुद्रातच गेली. त्यानंतर तिने नवं संशोधन केलं नाही. १८४३ नंतर ती कधी लंडनला तर कधी पॅरिसला राहिली, आधीच्या कामावर लिहीत राहिली. १८७० मध्ये शत्रूसैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा शहर सोडून ती आपल्या माहेरच्या खेड्यात परतली. जानेवारी १८७१ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, जिथे जन्मली त्याच झुयाकमध्ये तिने डोळे मिटले.

तिच्यानंतर तिचं नाव शंभराहून अधिक वर्षं विसरल्यासारखं झालं. मत्स्यालयं मात्र जगभर वाढली. १८५३ मध्ये लंडनला लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, १९५१ मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. आपल्यापैकी कित्येकींनी शाळेच्या सहलीत तिथे काचेला नाक लावलं असेल. ही काच पहिल्यांदा कुणी समुद्रापुढे धरली, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला झानचं नाव देण्यात आलं. चारशे किलोमीटर चालत निघालेली पोर शेवटी आकाशात पोहोचली म्हणायची.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात खाऱ्या पाण्याची टाकी आणायचा हट्ट मुलांनी धरला तर जरूर आणा. पण पहिला महिनाभर त्यात मासे नकोत, नुसतं पाणी असू द्या. मुलांना रोज पाणी तपासायला, वहीत आकडा लिहायला लावा. रिकामी टाकी बघून पाहुणे हसतील, हसू द्या. पाणी मुरतंय, असं सांगा.